पोटमाळ्यातील डक्ट: निवड, सांधेबंदी आणि इन्सुलेशन

उन्हाळ्याच्या दुपारी छपराखालच्या पोटमाळ्यातील तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास सहज पोहोचते, आणि त्याच पोकळीतून १३ अंशांची थंड हवा घेऊन डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी नळी, जात असतो. बाहेर ३८ अंश आणि खोलीत २५ अंश असताना घराच्या भिंतीला १३ अंशांचा फरक पेलावा लागतो. डक्टच्या पातळ पत्र्याला मात्र ४२ अंशांचा. हिवाळ्यात दिशा उलटते, पण फरक कमी होत नाही, कारण तेव्हा पोटमाळा जवळजवळ बाहेरच्या हवेइतका गार असतो आणि डक्टमधून ४० ते ५० अंशांची गरम हवा वाहत असते. असे असूनही अनेक घरांत डक्टवरचे आवरण भिंतीतील किंवा छतावरील आवरणापेक्षा बरेच पातळ आढळते.

नवे डक्ट बसवायचे असोत किंवा जुने सुधारायचे असोत, या कामाला एक क्रम आहे: आधी मार्ग, मग माप, मग डक्टचा प्रकार, त्यानंतर सांधे हवाबंद करणे आणि सर्वांत शेवटी इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक आवरण. इन्सुलेशन डोळ्यांना दिसते, बाजारात सहज मिळते आणि एका सुटीत गुंडाळून होते, म्हणून बहुतेक घरमालक थेट तेथूनच सुरुवात करतात. परंतु गळक्या किंवा अरुंद डक्टवर चढवलेले जाड आवरण मूळ दोष झाकून टाकते आणि पुढची दुरुस्ती अवघड करते.

मार्ग आणि माप

पहिला प्रश्न असा विचारावा की डक्ट पोटमाळ्यातूनच नेणे खरोखर आवश्यक आहे का. मार्गिकेचे छत थोडे खाली घेऊन त्यात डक्ट बसवता येत असतील, किंवा छपराच्या उतारालाच आतून इन्सुलेशन लावून संपूर्ण पोटमाळा घराच्या आवरणात घेता येत असेल, तर डक्टची उष्णता घरातच राहते आणि पुढची निम्मी काळजी मिटते. नवे बांधकाम करणाऱ्याने हा पर्याय नकाशाच्या टप्प्यावरच तपासावा, कारण नंतर तो फार महाग पडतो.

पोटमाळा टाळता येत नसेल, तर मार्ग शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवावा. हवा थंड-गरम करणारे यंत्र घराच्या मध्याजवळ असावे आणि तेथून निघणाऱ्या शाखा साधारण सारख्या लांबीच्या असाव्यात. डक्ट छपराच्या उताराला टांगण्यापेक्षा छताच्या तुळयांलगत, म्हणजे शक्य तितके खाली ठेवणे चांगले. पोटमाळ्यातील सर्वांत तापलेली हवा वरच्या भागात साठते आणि तापलेल्या छपराची प्रारण उष्णताही तेथे अधिक जाणवते. शिवाय खाली असलेल्या डक्टला छतावरच्या इन्सुलेशनचा आधार मिळतो.

माप अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक खोलीचा उष्णताभार काढून त्यावरून हवेचे प्रमाण आणि त्यावरून डक्टचा व्यास, असा हिशेब करावा लागतो; एअर कंडिशनिंग कॉन्ट्रॅक्टर्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या ‘मॅन्युअल जे’ आणि ‘मॅन्युअल डी’ या पद्धती त्यासाठीच तयार झाल्या आहेत. ठेकेदाराने दिलेला आराखडा पडताळण्यापुरता एक ढोबळ हिशेब मात्र घरमालकालाही करता येतो. एक किलोवॅट शीतनासाठी सेकंदाला सुमारे ५४ लिटर हवा लागते, आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या गोल डक्टमधून सेकंदाला ३ मीटर वेगाने साधारण तेवढीच हवा जाते. म्हणून ज्या खोलीला दोन किलोवॅट शीतन हवे आहे, तिला १५० मिलिमीटरची एकच शाखा दिलेली दिसली तर प्रश्न विचारायला हरकत नाही. शाखांमध्ये सेकंदाला ३ मीटरच्या आसपास आणि मुख्य डक्टमध्ये ३.५ ते ४.५ मीटर हा वेग घरगुती वापरासाठी योग्य धरला जातो. त्याहून अधिक वेगाला हवेचा आवाज खोलीत ऐकू येऊ लागतो.

व्यास थोडा कमी केला तर फारसे बिघडत नाही, ही समजूत महागात पडते. हवेचे प्रमाण तेच ठेवले तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे २०० मिलिमीटरऐवजी १५० मिलिमीटरचा डक्ट बसवल्यास पंख्याला चौपटीहून अधिक विरोध सोसावा लागतो. उलट डक्ट गरजेपेक्षा फार मोठा घेणेही पोटमाळ्यात योग्य नाही, कारण पृष्ठभाग वाढतो, हवा संथ होते आणि तापलेल्या पोकळीत अधिक वेळ राहते. घराच्या आत मोठा डक्ट निरुपद्रवी असतो. पोटमाळ्यात तो उष्णता गोळा करतो.

कोणता डक्ट निवडावा

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पत्र्याचा गोल डक्ट हा माझ्या मते मुख्य मार्गासाठी सर्वोत्तम पर्याय आहे. तेवढीच हवा नेणाऱ्या चौकोनी डक्टपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी असतो, आतून तो गुळगुळीत असतो, त्याला कमी सांधे लागतात आणि तो दशकानुदशके टिकतो. जेथे उंची अपुरी आहे तेथे चौकोनी डक्ट घ्यावा लागतो. मात्र तो अगदी चपटा आणि रुंद करू नये. पत्र्याचे दोष दोनच: कारागीर कुशल हवा, आणि सांधेबंदी व इन्सुलेशन ही दोन्ही कामे जागेवर करावी लागतात.

लवचीक डक्ट, ज्याला सर्रास फ्लेक्स डक्ट म्हटले जाते, तो तारेच्या वेटोळ्यावर ताणलेली प्लास्टिकची आतली नळी, त्याभोवती काचतंतूंचे मऊ ग्लासवूल आणि बाहेर वाफरोधक आवरण अशा तीन थरांचा असतो. तो स्वस्त असतो, पटकन बसतो आणि इन्सुलेशन त्याच्याबरोबरच येते. त्याची बदनामी झाली आहे ती मुख्यतः बसवण्याच्या पद्धतीमुळे. पूर्ण ताणलेला फ्लेक्स डक्ट ठीक काम करतो. तोच सैल सोडला की आतल्या प्लास्टिकला चुण्या पडतात आणि दाबाची घट कित्येक पटींनी वाढते. उरलेला तुकडा पुढे कामाला येईल म्हणून वेटोळे करून ठेवणे हा या कामातला सर्वांत सामान्य दोष आहे. जास्तीची लांबी कापून टाकावी. वळणाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेपर्यंत मोजली असता, निदान डक्टच्या व्यासाएवढी असावी. साधारण सव्वा मीटर अंतरावर आधार द्यावा, आधाराचा पट्टा किमान ३८ मिलिमीटर रुंद असावा, आणि दोन आधारांमधील झोळ मीटरमागे ४० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. अरुंद पट्टी किंवा तार वापरली तर ती आवरणात रुतते, तेथे ग्लासवूल दबते आणि दमट हवेत नेमक्या त्याच जागी पाणी सुटते. मुख्य डक्ट पत्र्याचे आणि प्रत्येक खोलीकडे जाणारा शेवटचा दोन-तीन मीटरांचा भाग लवचीक, ही जोडी बहुतेक घरांना पुरेशी आणि परवडणारी ठरते; लवचीक तुकडा आवाजही थोडा शोषून घेतो.

ग्लासवूलच्या दाबलेल्या पाट्यांचे किंवा फोमच्या तयार पॅनेलचे डक्टही मिळतात. ते हलके असतात आणि इन्सुलेशन भिंतीतच असते, पण कडा नीट बंद न झाल्यास ते लवकर उघडतात आणि पाय पडल्यास मोडतात. ज्या पोटमाळ्यात सामान ठेवायला वारंवार ये-जा होते, तेथे ते टाळावेत.

सांधे आधी, आवरण नंतर

ग्लासवूल हवा अडवत नाही. त्यातून हवा गाळून बाहेर पडते, आणि म्हणूनच जुन्या डक्टचे आवरण सोलल्यावर सांध्यांपाशी ते धुळीने काळे पडलेले दिसते. हे काळे डाग गळतीचा नकाशाच असतात. जुने आवरण काढताना ते फेकून देण्यापूर्वी डागांच्या जागा डक्टवर खडूने खुणावून घ्याव्यात.

गळती किती नुकसान करते याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. समजा, खोल्यांतली २५ अंशांची हवा यंत्राकडे परत आणणाऱ्या रिटर्न डक्टला गळती आहे आणि यंत्रात शिरणाऱ्या हवेपैकी दहा टक्के हवा पोटमाळ्यातून, म्हणजे ५५ अंशांची, आत ओढली जाते. मिश्रणाचे तापमान २८ अंश होते. यंत्रातील कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांचा संच, हवेला साधारण १२ अंशांनी थंड करत असेल, तर त्यातले तीन अंश, म्हणजे चौथा हिस्सा, केवळ ही भेसळ दूर करण्यात खर्च होतात. शिवाय त्या हवेबरोबर पोटमाळ्यातील धूळ आणि ओलावा येतो तो वेगळाच. यंत्राकडून खोल्यांकडे हवा नेणाऱ्या सप्लाय डक्टची गळती दुहेरी नुकसान करते: थंड केलेली हवा पोटमाळ्यात जाते, आणि घरातील दाब कमी झाल्याने तेवढीच बाहेरची हवा फटींतून घरात ओढली जाते. घरात धुराडे असलेला गॅसचा गीझर किंवा भट्टी असेल, तर हा ऋण दाब धुराड्यातील वायू उलटा घरात खेचू शकतो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावल्याशिवाय आणि धुराड्यातून धूर नीट वर ओढला जातो का हे तपासून घेतल्याशिवाय डक्टच्या कामाला हात लावू नये.

सांधेबंदीसाठी ब्रशने लावायचे पाण्यातले मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा दाट लेप, सर्वांत भरवशाचे आहे. ते सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे दोन सेंटिमीटर पसरेल असे, आणि खालचा पत्रा दिसणार नाही इतके जाड लावावे. सहा मिलिमीटरपेक्षा मोठी फट असेल तर तिच्यावर आधी काचतंतूंची जाळीदार पट्टी चिकटवून मग मॅस्टिक द्यावे. त्याहून मोठ्या भोकाला पत्र्याचा तुकडा स्क्रूने बसवावा. कापडी, रबरी गोंदाची पट्टी, जिला नावातच डक्ट टेप म्हणतात, ती या कामाला वापरू नये. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या चिकटपट्ट्यांवर उष्णतेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ही कापडी पट्टीच सर्वांत लवकर निकामी झाली. पट्टी वापरायचीच असेल, तर डक्टसाठीच्या यूएल १८१ या अमेरिकी मानकाचा शिक्का असलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी घ्यावी आणि पत्रा पुसून कोरडा केल्यावरच ती चिकटवावी.

गोल पत्र्याच्या जोडाला समान अंतरावर निदान तीन स्क्रू असावेत. मॅस्टिक हवा अडवते, वजन पेलत नाही. लवचीक डक्ट पत्र्याच्या गळ्यावर बसवताना ग्लासवूल मागे सारून आतली नळी किमान पाच सेंटिमीटर गळ्यावर ओढावी, तिच्याखाली मॅस्टिक द्यावे, नायलॉनचा पट्टा अवजाराने घट्ट आवळावा आणि मगच ग्लासवूल व बाहेरचे आवरण पुढे ओढून दुसऱ्या पट्ट्याने बांधावे. केवळ बाहेरचे आवरण चिकटवून आतली नळी तशीच सोडलेले जोड अनेक घरांत सापडतात. बाहेरून ते नीटनेटके दिसतात. आत हवा ग्लासवूलमध्ये पसरत असते.

सर्वाधिक दुर्लक्षित जागा दोन आहेत. एक म्हणजे यंत्राची स्वतःची पेटी आणि तिला जोडलेले प्लेनम, म्हणजे जिच्यातून डक्ट फुटतात ती मोठी पेटी, जेथे दाब सर्वांत जास्त असतो आणि म्हणून लहान फटही मोठी गळते. दुसरी म्हणजे छतातल्या ग्रिलच्या वर बसणारी पत्र्याची पेटी. ती आणि छताची पाटी यांच्यातील फट खालून, ग्रिल काढून, सहज बंद करता येते, आणि या एका कामासाठी पोटमाळ्यात चढावेही लागत नाही.

मॅस्टिक पूर्ण वाळल्यावर, आणि आवरण चढवण्यापूर्वी, गळतीची चाचणी करून घ्यावी. व्यावसायिक चाचणीत सर्व ग्रिल बंद करून पंख्याने डक्टमध्ये २५ पास्कल दाब निर्माण करतात आणि तो टिकवण्यासाठी किती हवा लागते ते मोजतात. घराच्या दर चौरस मीटर क्षेत्रामागे सेकंदाला ०.२ लिटरच्या आत गळती असणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते. ही सोय नसेल तर यंत्राचा पंखा चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळ धुराची बारीक रेघ धरून पाहावी. ती हलली तर तेथे पुन्हा मॅस्टिक द्यावे. मात्र कागदी आणि प्लास्टिकच्या आवरणांजवळ पेटते काहीही नेऊ नये.

इन्सुलेशन किती आणि कसे

आवरणाची उष्णतारोधक क्षमता आर-मूल्याने सांगतात. उत्पादनांवर सहसा आर-६, आर-८ असे आकडे छापलेले असतात. मेट्रिक एककांत ते अनुक्रमे सुमारे १.०६ आणि १.४ वर्गमीटर-केल्व्हिन प्रति वॅट होतात. पोटमाळ्यासाठी आर-८ हे किमान समजावे. ग्लासवूलच्या घनतेप्रमाणे त्याला ५० ते ७५ मिलिमीटर जाडी लागते.

याचा परिणाम एका उदाहरणातून पाहू. २५० मिलिमीटर व्यासाचा दहा मीटर लांब डक्ट सेकंदाला ४ मीटर वेगाने साधारण साडेतीन किलोवॅट शीतनाची हवा नेतो. पोटमाळा ५५ अंश आणि आतली हवा १३ अंश असताना उघड्या पत्र्यातून सुमारे सव्वा किलोवॅट उष्णता आत शिरते आणि टोकाला पोहोचेपर्यंत हवा पाच अंशांनी गरम होते. आर-८ चे आवरण चढवल्यावर हीच उष्णता अडीचशे वॅटच्या आसपास येते आणि हवा जेमतेम एक अंशाने तापते. जाडी आणखी दुप्पट केली तर उरलेल्यातले शंभर-सव्वाशे वॅट वाचतात. म्हणजे पहिला थर अत्यावश्यक आहे, दुसरा थर फायदेशीर आहे, आणि त्यापुढे पैसा लांबी कमी करण्यात घालवलेला बरा.

हे आकडे तेव्हाच खरे ठरतात जेव्हा आवरण दाबले जात नाही. ग्लासवूलमध्ये काम करते ती तंतूंत अडकलेली हवा. घट्ट गुंडाळून जाडी निम्मी केली की क्षमताही जवळजवळ निम्मी होते. म्हणून पट्टा कापताना केवळ डक्टचा घेर मोजू नये. डक्टच्या व्यासात आवरणाची जाडी दोनदा मिळवावी, त्या बाहेरच्या व्यासाचा घेर काढावा आणि वर पाच सेंटिमीटर एकमेकांवर चढणारी बाजू धरावी. फॉइलची बाजू नेहमी बाहेर असते. कडा एकमेकींना भिडवाव्यात, चढणारी बाजू स्टेपल करून तिच्यावर फॉइलची पट्टी चिकटवावी. साठ सेंटिमीटरपेक्षा रुंद चौकोनी डक्टच्या तळाशी आवरण लोंबते आणि मध्ये पोकळी तयार होते. तेथे साधारण ४५ सेंटिमीटरवर पिना लावून ते धरून ठेवावे. हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, म्हणजे डॅम्परचा, दांडा आवरणाबाहेर राहील असे पाहावे, नाहीतर हवेचा समतोल साधायला पुढे आवरण फाडावे लागते. ग्रिलवरच्या पेट्या, प्लेनम आणि वळणे यांच्यावरही तेवढीच जाडी हवी. कारागीर सरळ भाग सुंदर गुंडाळतात आणि नेमकी ही अवघड वळणे उघडी सोडतात.

चकचकीत बुडबुड्यांच्या पातळ चादरींबद्दल सावध राहावे. त्यांची जाहिरात मोठ्या आर-मूल्यांनी होते, पण ते मूल्य डक्ट आणि चादर यांच्यात हवेची बंद पोकळी राखली तरच मिळते. डक्टला थेट चिकटवलेली अशी चादर आर-१ च्या जवळपासच राहते.

ओलावा

थंड डक्टचा दुसरा शत्रू दव आहे. दमट हवामानात पोटमाळ्यातील हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत जातो, आणि १३ अंशांच्या हवेने थंड झालेला पत्रा त्या हवेला उघडा पडला की त्यावर पाणी सुटते. आवरण पुरेसे जाड असेल तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतो. फॉइल अखंड असेल तर वाफ आत शिरत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. फॉइलला पडलेल्या लहानशा चिरेतून वाफ आत जाऊन पत्र्यावर थेंब धरते, ग्लासवूल भिजते आणि भिजलेले ग्लासवूल उष्णता अडवत नाही. फार दमट ठिकाणी बंद पेशींचे नायट्राइल रबर अधिक सुरक्षित असते, कारण त्याचे सारे अंगच वाफेला विरोध करते. मात्र आर-८ गाठायचे तर त्याचीही सुमारे ५० मिलिमीटर जाडी लागते, आणि ते महाग पडते.

डक्ट छतावरच्या सुट्या इन्सुलेशनमध्ये पुरून टाकणे कोरड्या हवामानात उत्तम. दमट हवामानात त्यात एक खोच आहे: पुरल्यामुळे डक्टच्या वाफरोधक आवरणाचा पृष्ठभाग अधिक थंड होतो, तर भोवतीच्या सुट्या इन्सुलेशनमधून दमट हवा तेथपर्यंत विनाअडथळा पोहोचते. म्हणून अमेरिकेच्या २०१८ च्या निवासी बांधकाम संहितेने पुरलेल्या डक्टना मान्यता देताना उष्ण-दमट विभागांत सप्लाय डक्टच्या अंगावर आर-१३ चे आवरण मागितले.

जेथे डक्ट फक्त उन्हाळ्यात वापरले जातात, तेथे हिवाळ्यात घरातील उबदार, ओली हवा ग्रिलमधून वर चढून थंड डक्टमध्ये पाझरते. ग्रिल हवाबंद झाकणाने बंद करून ठेवल्यास हा उपद्रव टळतो.

काम करताना आणि झाल्यावर

पोटमाळ्यात पहाटे काम करावे, केवळ तुळयांवर टाकलेल्या फळ्यांवरून चालावे, आणि मास्क, चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. खूप जुन्या घरांत डक्टच्या सांध्यांवर पांढरी कागदी पट्टी किंवा राखाडी लेप दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो खरवडू नये, प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. धुराड्याच्या नळीपासून आवरण दूर ठेवावे.

काम संपल्यावर यंत्र पंधरा मिनिटे चालू ठेवून प्लेनममधील आणि सर्वांत दूरच्या ग्रिलमधील हवेचे तापमान मोजावे, तेही पोटमाळा सर्वांत तापलेला असताना. फरक एक-दोन अंशांचा असेल तर काम चांगले झाले. तो चार-पाच अंशांचा असेल, तर आधी त्या ग्रिलमधून हवा पुरेशी येते का ते पाहावे, कारण दबलेल्या किंवा मुरडलेल्या शाखेतली संथ हवा चांगल्या आवरणातही तापते. हवा पुरेशी असूनही फरक मोठाच राहिला, तर त्या शाखेच्या वळणांवर आणि ग्रिलवरच्या पेटीवर उघडा राहिलेला पत्रा शोधावा.